पन्नाशीनंतरचे लसीकरण

लसीकरणाचे एक साधे तत्त्व आपण सारे डॉक्टर जाणतो. लस आजार होण्यापूर्वी द्यावयाची असते. अंगावर गोवर उठल्यानंतर गोवराची लस शोधीत धावणाऱ्या पित्याची आपल्याला कीव येते. पण त्या क्षणी त्याच्या हाती देण्यासारखे आपल्यापाशी काही नसते. दुसरे तत्त्व असे की, एका बालकाला टोचलेली लस शेजारच्या बालकाचेही रक्षण करते. वस्तीतील पुरेशा मुलांना लस मिळाली की ज्याला ती मिळू शकली नाही तेही मूल त्या छत्राखाली सुरक्षित राहते. आणि तिसरी गोष्ट, जी पुस्तकात नसते पण अनुभवाने कळते, ती ही की धडधाकट माणसाला लसीची गरज कधीच भासत नाही. ती गरज त्याला पटवून द्यावी लागते.

वार्धक्यातील परावलंबनावर आणि एकाकीपणावर कोणत्याही कंपनीने अद्याप लस काढलेली नाही. परंतु तिच्या जवळपास जाणारी एक गोष्ट मानवसमाजापाशी फार पूर्वीपासून आहे. तिचे नाव शेजार. वरील तिन्ही तत्त्वे तिला तंतोतंत लागू पडतात. शेजार गरज पडण्यापूर्वी जोडावा लागतो. एकाने जोडलेला शेजार दुसऱ्याच्याही उपयोगी येतो. आणि हातपाय चालत असताना त्याची आठवण कोणालाच होत नाही. आपल्या संघटनेतील बहुसंख्य सभासद आज पन्नाशीच्या आगेमागे आहेत. म्हणून हा विषय या वर्षीच्या स्मरणिकेत मांडावा असे वाटले.

बदललेले पठार

प्रथम काही आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते. गोव्यात ते ११.२ टक्के होते. राज्यांमध्ये केरळनंतर गोव्याचाच क्रमांक लागत होता. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा एकूण जननदर १.३ इतका आढळला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ च्या आसपास असावा लागतो. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत गोव्याचा अर्भक मृत्युदर दर हजारी ५ होता, म्हणजे देशातील सर्वांत कमी दरांपैकी एक. बालरोगतज्ज्ञाला या शेवटच्या आकड्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु तिन्ही आकडे शेजारी ठेवून वाचले की त्यांचा अर्थ वेगळा लागतो. आपण मुले वाचविली, थोडीच जन्मू दिली, चांगली शिकविली, आणि ती शिकून पुण्याला, बंगळुरूला, दुबईला, पोर्तुगालमार्गे इंग्लंडला गेली. मागे राहिले ते आईवडील.

पेडणे तालुक्यात या सर्वसाधारण बदलावर आणखी एका बदलाची भर पडली. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. त्यापूर्वी कित्येक वर्षे भूसंपादन, न्यायालये, आंदोलने आणि आश्वासने यांत मोपा, कासारवर्णे, चांदेल, वारखंड, उगवे ही गावे ढवळून निघाली होती. ज्या जांभ्या दगडाच्या पठारावर गुरे चरत, जेथे काजूच्या हंगामात घरोघरची माणसे बोंडू गोळा करीत, तेथे आज धावपट्टी आहे. पठारावरच्या धनगर कुटुंबांना आपली जुनी जागा सोडून खाली यावे लागले. विमानतळ हवा की नको, हा प्रश्न आता इतिहासजमा झाला. त्याने काही तरुणांना घराजवळ नोकऱ्या दिल्या हे खरे, आणि काहींच्या हातून उपजीविकेची जमीन गेली हेही खरे. माझा मुद्दा निराळा आहे. जेव्हा जमीन इतक्या वेगाने बदलते तेव्हा शेजारही बदलतो, आणि तो पुन्हा बांधण्याचे काम कोणत्याही प्रकल्प अहवालात लिहिलेले नसते.

आज एखाद्या वाड्यावरून संध्याकाळी चालत गेले तर चित्र असे दिसते. एका घराला चतुर्थी ते चतुर्थी कुलूप. पुढच्या घरात सत्तरीचे जोडपे. त्यापुढच्या घराच्या मागील खोल्या भाड्याने दिलेल्या; तेथे कर्नाटक, ओडिशा, बिहार येथून आलेली तरुण कुटुंबे. पुढे जमिनीच्या पैशांतून उठलेले नवे घर, उंच कुंपणासह. चारही घरांमध्ये एकमेकांविषयी वैर नाही. पण येणेजाणेही नाही.

येथे एक भाबडेपणा टाळला पाहिजे. पूर्वीचे गाव म्हणजे प्रेमाचा झरा होता असे मानण्याचे कारण नाही. देवळाच्या मांडावर कोणी कोठे उभे राहावयाचे हे ठरलेले असे, आणि कोणाच्या अंगणात कोणी पाणी प्यावयाचे हेही. वाडे जातींनुसार विभागलेले होते आणि मदतीचा हात बहुधा त्या सीमेपाशी थांबत असे. तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. माणूस दिसेनासा झाला तर ते कोणाच्या तरी लक्षात येत असे. भजनी सप्ताहाला, देवळातील काल्याला, पेडण्याच्या पुनवेला, नांगरणीला किंवा लग्नाच्या मांडवात त्याची जागा रिकामी दिसे. जुन्या शेजारातील भेद सोडून द्यावयाचे आणि ही नजर मात्र राखावयाची, असे आपल्यापुढील काम आहे.

शेजाराचे वैद्यकशास्त्र

शेजार ही केवळ भावनेची बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडा पुरावा देतो. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांहून सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. सामाजिक संबंधांचा हा प्रभाव धूम्रपान सोडण्याच्या तोडीचा आहे असे त्या संशोधकांचे म्हणणे होते. आपण प्रत्येक रुग्णाला विडी-सिगारेटविषयी विचारतो. घरी बोलावयास कोण आहे, हे किती जण विचारतो?

दुसरे उदाहरण शिकागोचे. जुलै १९९५ मध्ये त्या शहरात उष्णतेची भयंकर लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी पुढे या घटनेचा अभ्यास केला. एकमेकांना लागून असलेल्या, हवामान तेच, गरिबीही जवळपास तशीच असलेल्या दोन वस्त्यांमध्ये मृत्यूच्या दरात सुमारे दहापटींचा फरक होता. ज्या वस्तीत रस्ते गजबजलेले, दुकाने उघडी आणि पायऱ्यांवर बसणारी माणसे होती तेथे वृद्ध वाचले. ज्या वस्तीत दुकाने बंद पडली होती, माणसे निघून गेली होती आणि उरलेली दारे लावून बसली होती, तेथे ते बंद दारांमागे गेले. उष्णता दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो रस्त्यावरच्या वर्दळीने आणि उघड्या दारांनी.

आपल्याकडे हे कसे घडते ते आपण रोज पाहतो. न्हाणीघरात पाय घसरून पडलेली आजी शेजारीण येईपर्यंत पाच तास जमिनीवर राहते. मोडलेल्या खुब्याइतकेच ते पाच तास तिला महागात पडतात. मधुमेहाची गोळी घेऊन जेवावयाचे विसरलेला वृद्ध दुपारी घामाने निथळत असतो आणि समोर साखर देणारे कोणी नसते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २००८ पासून गोव्यात धावते आहे. तुयेचे रुग्णालय आहे, बांबोळीचे गोमेकॉ आहे. पण दूरध्वनी कोणीतरी करावा लागतो. रुग्णालयापर्यंतच्या साखळीतील पहिली कडी नेहमी शेजारीच असतो.

‘डॉक्टर’ नावाचा एकाकी माणूस

आता थोडे स्वतःकडे वळू. समाजाच्या शेजाराविषयी बोलताना डॉक्टर स्वतःला त्यातून वगळतो, ही आपल्या व्यवसायाची जुनी खोड आहे.

पन्नाशीत डॉक्टरच्या आयुष्यात जे बदल होतात त्यांविषयी आपण आपसांतही क्वचितच बोलतो. मुले शिकावयास जातात आणि बहुधा परतत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढतो, बाळाची शीर पूर्वीसारखी पहिल्या प्रयत्नात सापडत नाही, रात्रीच्या फेरीनंतरचा दुसरा दिवस जड जातो. ज्या मुलांना आपण त्रिगुणी लस टोचली तीच आता आपापली बाळे मांडीवर घेऊन समोर बसतात. आपल्या आईवडिलांपैकी एखादे अंथरुणाला खिळलेले असते. पाळीचा, रक्तदाबाचा, गुडघ्यांचा हिशेब घरातच चालू असतो. आणि या सर्व काळात बाहेर आपण ‘डॉक्टर’ असतो.

हे संबोधन फार मानाचे आहे; परंतु ते भिंतीसारखेही आहे. तीस वर्षे ज्याला गाव केवळ ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारते त्याला नावाने हाक मारणारे माणूस हळूहळू उरत नाही. त्याचे शेजारी त्याचे रुग्ण असतात. तो त्यांच्या घरी जातो तो तपासावयास. ते त्याच्या घरी येतात ते विचारावयास. देण्याची त्याला इतकी सवय होते की घेणे त्याला जमत नाही. बाजारातून दोन नारळ आणून द्या, असे शेजाऱ्याला सांगणे त्याला कमीपणाचे वाटते. शेजार मात्र देवाणघेवाणीवर उभा असतो. जो केवळ देतो तो उपकारकर्ता ठरतो आणि उपकारकर्त्याच्या दारात माणसे सहज बसत नाहीत. म्हणून डॉक्टरने शेजारी होण्याची पहिली पायरी म्हणजे काहीतरी मागणे. रोपांना पाणी घालावयास सांगावे, गाडीतून पेडण्यापर्यंत सोडावयास सांगावे, लोणच्याची कृती विचारावी. निवृत्तीनंतर हे शिकावयास बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

हे आपण पूर्वी केलेले आहे

हे सर्व करावयाचे कसे, असा प्रश्न येईल. आपल्या पिढीने याहून अवघड काम केलेले आहे, हे त्याचे उत्तर. १९९५ साली देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. घरोघरची यादी, प्रत्येक वाड्याचा नकाशा, बूथवरचे स्वयंसेवक, करंगळीवरची शाई, दारावरची खडूची खूण हे सारे आपल्यापैकी अनेकांनी ऐन उमेदीत पाहिले आणि केले. त्या मोहिमेचे बळ लसीइतकेच एका आग्रहात होते: एकही घर सुटता कामा नये. जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पाच वर्षांखालील प्रत्येक मूल कोणत्या घरात आहे हे ज्या देशाला ठाऊक होते, त्या देशाला पंचाहत्तरीवरील प्रत्येक वृद्ध कोणत्या घरात एकटा आहे हे ठाऊक करून घेणे अशक्य नाही.

दुसरा धडा केरळचा. कोझिकोड येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन व उपशामक सेवेचे काम आरंभिले. रुग्णालयातून सर्वांपर्यंत पोहोचता येत नाही हे लक्षात आल्यावर १९९९-२००० च्या सुमारास मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजाराच्या पायावर उभे असलेले जाळे विणले गेले. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणाऱ्या सामान्य माणसांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी आपल्या भागातील अंथरुणाला खिळलेले रुग्ण शोधले, त्यांच्याशी बोलले, घरात तांदूळ आहेत की नाहीत ते पाहिले, आणि गरजेप्रमाणे परिचारिका व डॉक्टर यांना बोलाविले. निधी गावातूनच छोट्या छोट्या रकमांनी उभा राहिला. २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले; देशातील ते पहिलेच. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी शेजारी उभे राहिले, मग डॉक्टर जोडले गेले, आणि सरकार त्यानंतर आले.

काय करता येईल

मी कोणतीही भव्य योजना सुचवीत नाही. प्रत्येक सभासदाने आपल्या घराभोवतीची पंधरा-वीस घरे एवढाच परीघ धरावा. दवाखान्याभोवतीची नव्हे, घराभोवतीची.

पहिले काम यादीचे. कोण एकटे राहते, कोणाला कमी ऐकू येते, कोणती औषधे चालू आहेत, परगावच्या मुलाचा क्रमांक कोणता, दुसरी किल्ली कोणाकडे, ही माहिती त्या व्यक्तीच्या संमतीने लिहून ठेवावी. ज्याची इच्छा नसेल त्याचे पान कोरे ठेवावे.

दुसरे काम नजरेचे. सकाळी पोदेर पाव घेऊन येतो. कोणत्या घराने आज पाव घेतला नाही हे डॉक्टरपेक्षा त्याला आधी कळते. तसेच दूधवाला, वीजबिल देणारा, अंगणवाडी सेविका. ‘सकाळी दहापर्यंत दार उघडले नाही तर मला सांगा,’ एवढे एक वाक्य या माणसांना सांगून ठेवावयास खर्च काहीच नाही.

तिसरे काम दोन तासांचे. आठवड्यातून दोन तास, गळ्यात स्टेथोस्कोप न घालता, एखाद्या घरी बसावे. औषधांचा डबा पाहावा, न्हाणीघरात धरावयास दांडी आहे का ते पाहावे, आणि उरलेला वेळ ऐकावे.

चौथे काम मला बालरोगतज्ज्ञ म्हणून विशेष जवळचे वाटते. भाड्याच्या खोल्यांतून येणाऱ्या तरुण मातांपाशी आई नसते, सासू नसते. बाळ रात्री का रडते, दूध पुरते आहे की नाही, हे विचारावयास तिला कोणी नसते. म्हणून ती माझ्याकडे येते. आणि भिंतीपलीकडे एक आजी असते, जिने चार मुले वाढविली आणि जिच्यापाशी आज बोलावयास कोणी नाही. एकीला आई हवी आहे, दुसरीला लेक. दोघींची भाषा निराळी आहे. पण बाळाला तेल लावावयास व्याकरण लागत नाही. यांची गाठ घालून देणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि ती करण्यास डॉक्टरइतका विश्वासाचा मध्यस्थ दुसरा नाही. ‘बाहेरचे’ म्हणून ज्यांच्याकडे गाव पाठ फिरविते तेच उद्या आपल्यासाठी १०८ ला दूरध्वनी करणार आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, हे काम सरकारचे आहे. काही अंशी तो रास्त आहे. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मानधन, आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी यांची जागा शेजार घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. ‘शेजारी बघतील’ असे म्हणून शासनाने हात झटकले तर त्याला आपणच प्रथम विरोध करावयास हवा. पण मानधन खात्यात जमा होते. ते काढून आणण्यासाठी बँकेपर्यंत सोबत कोणीतरी जावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेजारसेवा म्हणजे व्यवहारात बायकांवर आणखी एक ओझे. घरातील आजारपणे त्यांनीच काढावयाची आणि वाड्यावरचीही त्यांनीच. हा धोका खरा आहे. म्हणून दोन तासांचा नियम पुरुष डॉक्टरांनी आणि निवृत्त पुरुषांनी प्रथम पाळावा. कट्ट्यावर रोज जमणारी मंडळी गावात वेळेचा केवढा साठा बाळगून असतात, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा. शेजाऱ्याची नजर आणि शेजाऱ्याचे नाक यांत अंतर असावे, हे कोणीही मान्य करील. डॉक्टरने ऐकलेले डॉक्टरपाशीच राहावे. पैशाच्या व्यवहारात तर अधिकच दक्षता हवी. किल्ली, बँकेचे पुस्तक, एटीएम कार्ड यांपैकी काहीही एकट्या माणसाच्या हाती राहू नये. दोघे असावेत आणि परगावच्या मुलांना त्याची माहिती असावी. चांगुलपणालाही हिशेबाची वही लागते.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, वेळ नसण्याचा. याला माझ्यापाशी युक्तिवाद नाही. पालक जेव्हा लसीकरणासाठी वेळ नाही म्हणतात तेव्हा आपण त्यांना जे उत्तर देतो तेच येथेही देता येईल.

आज आपण पंचावन्न वर्षांचे आहोत. आणखी वीस वर्षांनी पंचाहत्तरीत असू. त्या वेळी आपल्या दारात कोण उभे असेल याची तजवीज विम्याच्या हप्त्यांतून होत नाही. ती आज, पाय चालत असताना, शेजारच्या पायऱ्या चढून करावी लागते. ही स्मरणिका बाजूला ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने एका कागदावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या पाच वृद्धांची नावे लिहावीत. दुसऱ्यात, मध्यरात्री आपण ज्यांचे दार निःसंकोच ठोठावू शकू अशा पाच माणसांची. ज्यांचे दोन्ही रकाने भरतील त्यांचे अभिनंदन. ज्यांचे भरणार नाहीत त्यांनी उद्या संध्याकाळी दवाखाना अर्धा तास लवकर बंद करावा आणि सर्वांत जवळच्या दारापासून सुरुवात करावी.